तुला कसं लागलं?

१० एप्रिल, गुरुवार

मालिका संपून दोन आठवडे झाले, तरी गुरुवारची संध्याकाळ झाली की माझे पाय आपोआप टीव्हीकडे वळतात. आज तिथे विम्यावर चर्चा चालली होती. मी ती शेवटपर्यंत पाहिली.

किती सुंदर होतं ते सगळं! नदीकाठचं जुनं नावाड्यांचं घर, त्यात फ्रेंच रेस्टॉरंट उघडणारी ती हट्टी बाई, तांब्याची भांडी, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पसरलेलं दुपारचं ऊन. आमच्या घरात असं ऊन येत नाही. समोर ओरिएचं केस कापायचं दुकान आहे, ते सगळं ऊन अडवून बसतं. मालिका चालू असताना मात्र मी खरंच त्या नदीकाठी असायचे. चहा गार व्हायचा आणि मला पत्ता नसायचा.

आज सकाळी हे म्हणाले, "वर्षअखेरीला दुकान बंद करू या." कांदे चिरता चिरता म्हणाले, उद्या कोबी जरा कमीच घे म्हणावं तसं.

"का हो?"

"हात थकले."

"हात तर कालच्यासारखेच दिसतायत."

"दिसतात."

आमचे हे, म्हणजे एइजिरो, असे. दोन वाक्यांच्या वर तिसरं वाक्य म्हणजे यांच्या दृष्टीने भाषण. पण मी दिवसभर अस्वस्थ आहे. तीस वर्षं आमची 'कामोमे' खानावळ मिनोवाच्या ट्रामथांब्याजवळ उभी आहे. ऑम्लेटात गुंडाळलेला भात, खिम्याची जाड वडी, आणि तिच्यावर यांचा तो गडद तपकिरी सॉस. पातेल्यातून रोज थोडा काढायचा, रोज थोडा नवा घालायचा, पातेलं कधी रिकामं होऊ द्यायचं नाही. यांच्या गुरूंपासून तो तसाच चालत आलाय. आणि तो आता एका वर्षअखेरीला संपवायचा?

जानेवारीत यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण माणूस पहिल्यासारखा नाही. मला वाटतं, यांचं मन उडालं. तरुणपणी यांना फ्रान्सला, लिओनला जायचं होतं. तिकीटसुद्धा काढलं होतं. तेवढ्यात गुरू आजारी पडले आणि हे इथेच राहिले. त्यावर आजवर एक अक्षर बोललेले नाहीत, पण अशी गोष्ट माणसाच्या आत कुठेतरी बसून राहत असणारच.

म्हणून मी ठरवलंय. मालिकेच्या शेवटच्या भागात तीन रेस्टॉरंटांचे आभार मानले होते. तिथल्या स्वयंपाकघरांवरून ते स्वयंपाकघर बेतलं होतं आणि तिथलेच पदार्थ त्या बाईच्या हातात दिले होते. म्हणजे ती नदी खोटी असली तरी जेवण खरं आहे, आणि ते कुठेतरी रोज शिजतंय! यांना घेऊन तिन्ही ठिकाणी जायचं. बघू या, यांचं मन पुन्हा लागतंय का.

१४ एप्रिल, सोमवार

पहिल्या रेस्टॉरंटला फोन लावला. पलीकडची मुलगी इतक्या हळू, इतक्या गोड आवाजात बोलत होती की मीही नकळत तशीच बोलायला लागले. काही पथ्य आहे का, काही खाऊन अंगावर उठतं का, उग्र अत्तर लावून येऊ नये ही विनंती. मी म्हटलं, आमच्याकडे अत्तर नाही, कांद्याचा वास आहे. ती हसली नाही.

बुधवारी आमची सुट्टी असते. मे महिन्यातला एक बुधवार मिळाला.

ओरिए माझे केस धरून खिदळत होती. "साठीला आलेला नवरा घेऊन फ्रेंच जेवायला चाललीस! माझ्या नवऱ्याच्या हातात चांदीचा काटा दिला तर तो मोडीत घालून येईल."

"आमचे हे तसे नाहीत."

"तुमचे हे बोलतील तरी का तिथे? की तू बोलशील आणि ते मान हलवतील?"

"मान हलवली तरी पुष्कळ," मी म्हटलं.

२९ एप्रिल, मंगळवार

मंगळवार म्हणजे कुसाकाबेसान. आयुष्यभर ट्राम चालवली आणि आता निवृत्त होऊन त्याच ट्रामने आमच्याकडे जेवायला येतात. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात, सॉस घातलेला भात मागवतात आणि चमच्याने ताट अगदी लख्ख करतात. आज पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. मी पाण्याचा जगच त्यांच्यापुढे ठेवला.

"छान होतं हं, नेहमीसारखं," असं म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि निघाले. ताटात थोडा भात राहिला होता.

हे पडद्याआडून त्यांच्याकडे पाहत होते. हल्ली यांना ही नवीनच खोड लागलीय. पूर्वी चुलीपाशी उभं राहून दर थोड्या वेळाने चमचा तोंडात घालायचे, आता चमचा बाजूला आणि डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. मला जरा लाजच वाटते. कुणी असं टक लावून पाहिलं तर माणूस जेवणार कसं?

मागाहून मीही सॉस चाखला. खरं सांगायचं तर खारट झालाय. आजच नाही, बरेच दिवस झाले. वयाने हात जड झाला असेल. यांनी विचारलं, "कसा झालाय?" मी म्हटलं, "छान झालाय."

दुसरं काय म्हणणार? आमच्या गल्लीत समोर आलेल्या ताटाला कुणी नावं ठेवत नाही. आवडलं नाही तरी 'छान होतं' म्हणायचं, नमस्कार करायचा आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जायचं. बायकोला दुसरीकडे जायची सोय नाही, एवढंच. म्हणून मी तीस वर्षं 'छान झालाय' म्हणते, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

२१ मे, बुधवार

स्वप्नातून नुकती उठलेय असं वाटतंय.

कागुराझाकाच्या मागच्या गल्ल्या, दगडी पायऱ्या, काळी लाकडी कुंपणं. गल्ली इतकी अरुंद की आम्हाला एकामागोमाग चालावं लागलं. यांच्याकडे सूट एकच, मयताला घालायचा तो. टाय तेवढा निळा लावला होता. मी म्हटलं, "कुणी तुमचं सांत्वन करायला लागलं तर घाबरू नका."

आत अंगण, अंगणात खरीखुरी विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावरून उठलेला उजेड छताला लागून हलत होता. मालिकेत अगदी हाच उजेड होता! मी खुर्चीवर बसले आणि कुठे आहे तेच विसरले.

आधी एका पेल्यात कोवळ्या मटारांचं गार सूप आलं. यांनी चमचा उचलला आणि तो तोंडात जायच्या आतच म्हणाले, "वा, मस्त!" मला हसू आलं. माणूस किती नम्र असावा!

आणि मग ती गोष्ट घडली. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कसं लागलं?"

तीस वर्षांत यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. 'कसा झालाय' विचारायचे, पण ते सॉसबद्दल असायचं. हे माझ्याबद्दल होतं. मी गोंधळलेच. म्हटलं, "गोड आहे, पण साखरेचा गोडवा नाही. आजोळी व्हरांड्यात बसून शेंगा सोलायचो, तेव्हा एखादा दाणा कच्चाच तोंडात टाकायचे, तसा. आणि घोट गेल्यावर पुदिन्याचा गारवा येतो, अगदी शेवटी, कुणी मागचं दार उघडून गेल्यासारखा."

यांनी डोळे मिटले होते. "अजून सांग."

मी सांगत राहिले. माशाबद्दल सांगितलं, लोण्याबद्दल सांगितलं, पावाच्या कडेला जो किंचित करपटपणा होता त्याबद्दलसुद्धा. यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. असं कुणी आपलं ऐकत असलं की आपण आहोत त्याहून शहाणे वाटायला लागतो.

निघताना स्वतः शेफ दारापर्यंत आले. आम्ही गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत ते वाकून उभे होते. आम्ही वळून वाकलो, चार पावलं गेलो, पुन्हा वळून वाकलो. हे तर इतका वेळ वाकून राहिले की मला कोट ओढावा लागला.

यांचं मन परत येतंय. मला आज फार आनंद झालाय.

६ जून, शुक्रवार

आनंद टिकला नाही.

मी मालिका रेकॉर्ड करून ठेवली होती. आजकाल दुपारी दुकान मिटलं की हे एकटेच ती लावून बसतात. आवाज बंद! आणि सगळी पाहत नाहीत. ती बाई जिथे सॉसचा चमचा ओठांना लावते, डोळे मिटते आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत जातं, तेवढंच पाहतात. मागे नेतात, पुन्हा पाहतात.

ओरिएला सांगितलं तर म्हणाली, "झालं! प्रेमात पडला तुझा नवरा. तू त्याला फ्रेंच जेवायला घातलंस आणि त्याने फ्रेंच बाई शोधली."

"ती फ्रेंच नाही, जपानी आहे."

"मग तर जास्तच धोका."

मी तिच्याबरोबर पोट धरून हसले. घरी येऊन भांडी घासताना रडू आलं. मी साठीची बाई टीव्हीतल्या नटीवर जळतेय! पण यांच्या चेहऱ्यावर जी ओढ होती ती मी स्वतः पाहिली. उपाशी माणूस दुसऱ्याच्या खिडकीतून बघतो, तसे हे बघत होते.

१६ जुलै, बुधवार

दुसरं रेस्टॉरंट आझाबूच्या चढावर आहे. आत जाताच बाहेरचा उकाडा संपला. सगळीकडे मंद करडा प्रकाश, पावलांचा आवाज गालिच्याने गिळलेला, आणि वाढणारी माणसं पाण्याखाली चालावीत तशी हळू. मालिकेत त्या बाईचा शत्रू जिथे राज्य करत असतो ना, ते हेच. मला शत्रूचं घर नदीकाठच्या घराहून जास्त आवडलं, हे कुणाला सांगायला नको.

हे आज बरंच बोलले, पण काय बोलले! "कवच पातळ आहे. सुरी लावली की एकदम तुटतं. आतली ऊब बरोबर मधोमध धरलीय." कोकराचं इतकं नाजूक मांस समोर असताना!

"अहो, तुम्ही सुतारासारखं बोलताय," मी म्हटलं.

हे खरंच दचकले. मग म्हणाले, "मग तू सांग की."

वाईन ओतणाऱ्याने यांच्यापुढे पेला धरून वास कसा वाटतो ते विचारलं. यांनी पेला उचलून माझ्या हातात दिला. "हिला विचारा. हिचं ऐकायला मला आवडतं." त्या परक्या माणसासमोर! माझे कान तापले. मी पेल्यात नाक घातलं आणि मला शाळेची नुकती धुतलेली ओसरी दिसली, ओले दगड, आणि कुणाच्या तरी डब्यातला आलुबुखार. तसंच सांगून टाकलं. तो माणूस हसला नाही. "बरोबर आहे," म्हणाला.

सॉसबद्दलही यांनी खोदून खोदून विचारलं. मी म्हटलं, "पहिल्यांदा काहीच वाटत नाही. मग हळूहळू तोंडभर होतो. गेल्यावरही थोडा वेळ राहतो."

"मीठ?"

"घातलंय की नाही तेही कळत नाही."

नंतरच्या पदार्थांना 'वा, मस्त' तेवढं म्हणाले. परतीच्या वाटेवर मी मुद्दामच लिओनचा विषय काढला. म्हटलं, दुकान बंदच करायचं असेल तर आपण दोघं एकदा तिकडे जाऊन येऊ या.

"लिओनला जाऊन आता मी काय करू?" हे म्हणाले. 'आता' हा शब्द असा काही उच्चारला की मी पुढे बोललेच नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उन्हाने जीव नकोसा झालाय. दुपारी यांनी फ्रिजमधलं दूध घटाघटा प्यायलं आणि म्हणाले, "गार आहे, बरं वाटलं." मी बाटली उचलली तर आंबूस भपकारा आला. दूध फाटलं होतं! काटकसर तरी माणसाने किती करावी? चांगलं ओरडले यांच्यावर. हे रिकाम्या पेल्याकडे पाहत राहिले.

कुसाकाबेसान बरेच मंगळवार आले नाहीत. आज ट्रामथांब्यावर दिसले. मला पाहून लाल झाले. "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय हो, नाहीतर मी येणार नाही असं होईल का?" हातात आसाकुसाच्या दुकानातली खाऱ्या लोणच्याची मोठी पिशवी होती. एकटाच माणूस, कुणाला तरी द्यायला घेतली असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

यांनी ब्रशने पाटी लिहून दाराला लावली. 'आपल्या प्रेमाबद्दल ऋणी आहोत. एकतीस डिसेंबरला दुकान बंद होईल.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलंय, त्याचाच राग आला.

ओरिए पाटी वाचून रस्त्यातच रडली. "मला दुपारचं जेवण कोण देणार आता?" असं मोठ्याने म्हणाली. पण ओरिए उन्हाळ्यापासून जेवायला आलेली नाही. घरून डबा आणते, हे मला समोरून दिसतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

हायामाहून परतताना गाडीत बसून लिहितेय. हे शेजारी आहेत, खिडकीकडे तोंड करून. झोपलेले नाहीत.

तिसरं रेस्टॉरंट समुद्रावर आहे. सकाळी धुकं होतं. समुद्र आणि आभाळ यांच्यात रेघच नव्हती, नुसता पांढरा पांढरा विस्तार, आणि त्याच्या काठावर आमचं टेबल. मला वाटलं, ही मालिका कुणीतरी माझ्यासाठीच बनवली असावी.

शेवटच्या भागात ती बाई चेस्टनटचा डोंगर करते. शेवयांसारखे तपकिरी वेटोळे, एकावर एक, आणि शिखरावर बर्फासारखी साखर. ते गोड खाऊन तिचा रुसलेला भाऊ घरी परततो. तोच डोंगर इथे अगदी पहिल्यांदा आला. "मालिकेतला डोंगर," वाढणारा म्हणाला. "आमच्याकडे तो सुरुवातीलाच देतो." आणि ओठातल्या ओठात हसून गेला.

मी धुक्याकडे पाहत होते. यांनी आधी घास घेतला. "वा, मस्त! गोड आहे, पण बेताचं. चेस्टनट अगदी मऊ वाटलाय. वरून साखर."

मग मी घेतला. गोड कणभरही नव्हतं. कोंबडीची कलेजी होती, खमंग परतलेला कांदा होता, मिरीचा ठसका होता. शिखरावरचा बर्फ म्हणजे किसलेलं चीज, जिभेला चावेल असं खारट. मला एकदम हसू फुटलं. आम्हाला फसवलं होतं, आणि यांनी वर चेष्टा करून मला पुन्हा फसवलं होतं! "अहो, तुम्ही पण ना!" म्हणत मी यांच्याकडे पाहिलं.

हे हसत नव्हते. वाट पाहत होते. "तुला कसं लागलं?" म्हणाले.

फाटलेलं दूध. वाईनचा पेला. सुताराचं बोलणं. टीव्हीतला तो चमचा, आणि चमच्यामागचा तो चेहरा. सगळं एकापाठोपाठ आलं, आणि इतके महिने मी काय काय समजत होते तेही आलं.

आणि मी काय म्हणाले? "हो. गोड आहे. बेताचं."

तोंडातून निघून गेलं. तीस वर्षांची सवय. मग मी एकेक पदार्थ यांना सांगत गेले. शिंपल्यातलं समुद्राचं पाणी सांगितलं, नासपतीचा रस सांगितला. हे डोळे मिटून जेवत होते, आणि मला आता कळत होतं की हे काय जेवतायत.

निघताना शेफ दाराशी आली. पांढऱ्या केसांची, हसरी बाई. "डोंगराने फसवलं का?" तिने विचारलं. "गोड समजून लोक पहिला घास घेतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघायला मी मुद्दाम आडोशाला उभी राहते. तुमचे यजमान मात्र जराही डगमगले नाहीत हं!"

यांनी नमस्कार केला आणि चालू लागले. ती वाकून उभी होती, आणि हे वळणावर मागे वळले नाहीत. मी एकटीच वळून वाकले.

समुद्राच्या कठड्यापाशी हे थांबले. "गोड नव्हतं?"

"नव्हतं."

"काय होतं?"

"कलेजी. मिरी. वर चीज होतं, खारट."

यांनी मान हलवली. धुक्यात एक होडी दिसत होती आणि नाहीशी होत होती. मग हे बोलले. यांच्या मानाने ते भाषणच होतं. "जानेवारीच्या तापात गेली चव. वासही गेला. मंडईत जातो सांगून डॉक्टरकडे जात होतो. येईल म्हणतात, न येईलही म्हणतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रोज म्हणायचीस, छान झालाय. मी म्हटलं, जीभ गेली तरी हात शाबूत आहे. हाताला सगळं पाठ आहे." पुढे म्हणाले, "मग गिऱ्हाईक का तुटतंय ते कळेना. सगळेच 'छान होतं' म्हणून जातात. चेहरे बघत बसलो. चेहऱ्यांवरही तेच. शेवटी म्हटलं, थांबावं."

मी कठडा घट्ट धरला होता.

"मित्सुए, सॉस खरंच छान होतो का गं?"

मी उत्तर दिलं नाही. आमच्याकडे उत्तर न देणं म्हणजे काय ते लहान मूलही जाणतं. हे कठड्यापासून वळले आणि म्हणाले, "चल, गाडी चुकेल."

मला माझाच इतका राग आलाय की पेन धरवत नाही. आणि यांचाही. आणि पडद्यापुढे नमस्कार करून गेलेल्या सगळ्या सभ्य माणसांचा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी खाली उतरले तर हे चुलीपाशी उभे होते. सॉसचं पातेलं उचलून मोरीकडे निघाले होते. गुरूंच्या काळापासून कधी रिकामं न झालेलं पातेलं.

"काय करताय?"

"डिसेंबरपर्यंत तरी लोकांना का छळायचं?"

मी वाट अडवली. ओघराळं घातलं, चाखलं. छातीत धडधडत होतं, लग्नाच्या दिवशीही इतकं धडधडलं नव्हतं.

"खारट आहे," मी म्हटलं.

यांनी वर पाहिलं.

"खूप खारट आहे. आणि खालून कडवट आहे, पीठ जास्त भाजलं जातंय. रंग बघून भाजताय तुम्ही, वास येत नाही म्हणून. वाईनही पुरती आटलेली नाही." आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. "आणि तुमचं बटाट्याचं सॅलड मला कधीच आवडलेलं नाही."

"बटाट्याचं सॅलड?"

"पहिल्यापासून."

"तीस वर्षं?"

"व्हिनेगर फार असतं त्यात."

यांनी पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं आता चिडतील. चिडलेच. "तीस वर्षं खाल्लंस कशाला मग?" असे ओरडले की समोरून ओरिएने डोकं बाहेर काढलं. यांना असं ओरडताना मी जानेवारीनंतर प्रथमच ऐकलं. मीही ओरडले. म्हटलं, तुम्ही सांगितलं असतंत तर मीही सांगितलं असतं. हे म्हणाले, तू सांगितलं असतंस तर मला सांगावंच लागलं नसतं. बराच वेळ हेच उलटसुलट चाललं. दुकान उघडायची वेळ टळून गेली.

मग यांनी दारामागचं उंच स्टूल ओढून चुलीशेजारी ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस. आणि कांदेपण घे, नुसतं बसू नकोस."

संध्याकाळपर्यंत अर्धा सॉस काढून टाकला, बिनमिठाचा नवा रस्सा घातला. हे विचारायचे, मी सांगायचे. हे हात चालवायचे. कधी माझे शब्द कमी पडत होते. "आंबट म्हणजे कुठला आंबट? टोमॅटोचा की वाईनचा?" असं दरडावून विचारत होते. त्या रेस्टॉरंटांमध्ये मी नुसती स्वप्नं सांगत होते. आज पहिल्यांदा वाटलं की मी चव बघतेय.

शेवटी विचारलं, "आता?"

जीभ सवयीने 'छान' म्हणायला निघाली होती. मी ती आवरली. "बरा आहे," म्हटलं.

"नुसता बरा?"

"नुसता बरा."

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रामथांब्यावर जाऊन कुसाकाबेसानना धरून आणलं. म्हटलं, "मीठ कमी केलंय. पण अट एकच. जे वाटेल ते तोंडावर सांगायचं."

बिचारे! कोपऱ्यातल्या स्टुलावर परीक्षेला बसल्यासारखे बसले. भात खाल्ला, पाणी मागितलं नाही, ताट लख्ख केलं. "छान..." म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थबकले. हे पडद्याआड नव्हते. समोर, पलीकडे उभे होते, हात ओट्यावर ठेवून.

कुसाकाबेसानांचे कान लालबुंद झाले. मान खाली घालून, माफी मागितल्यासारखं, अगदी पुटपुटत म्हणाले, "आता... किंचित... अळणी लागतोय."

त्यांनी डोळेच मिटून घेतले होते.

"किती?" यांनी विचारलं.

"अं... चिमूटभर."

यांनी मिठाची बरणी उचलली, कुसाकाबेसानांच्या पुढून नेली आणि माझ्यासमोर ठेवली. मी चिमूट घेतली, पातेल्यात सोडली, ढवळलं, थांबले, चाखलं. पुन्हा अर्धी चिमूट. पुन्हा चाखलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते, मालिकेतल्या त्या बाईकडे पाहायचे तसे, आणि मला मुळीच लाज वाटली नाही.

"आता गॅस बंद करा," मी म्हटलं.

यांनी बंद केला. तेवढ्यात फोन वाजला. कांदेवाल्याचा होता, वर्षअखेरीपर्यंत किती पोती लागतील ते विचारायला. हे ऐकत होते, हुं हुं करत होते. मी दाराकडे, पाटीकडे पाहत होते.

"नाही," हे म्हणाले, "तेवढ्याने कसं भागेल? जानेवारीतही लागतील."